गर्दीतला माणूस

माणूस जसा वागतो तसा का वागतो, याचे उत्तर कुणी त्याच्या मनात शोधतो, कुणी समाजाच्या रचनेत, तर कुणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीरीतींत. या तिन्ही उत्तरांची एकदमच कसोटी लागते ती गर्दीत. घरात, कचेरीत, शाळेत माणसाला नाव असते, हुद्दा असतो, ओळखीची माणसे पाहत असतात. गर्दीत यातले बरेच काही गळून पडते. तरीही वारीतली गर्दी एका तऱ्हेने वागते, मोर्चातली दुसऱ्या आणि लोकलच्या डब्यातली तिसऱ्याच. माणसे बहुधा तीच असतात. मग फरक कशाने पडतो?

याचे पहिले गाजलेले उत्तर गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली दिले. गर्दीच्या मानसशास्त्रावरच्या त्याच्या पुस्तकाचा गाभा असा : जमावात माणूस निनावी होतो, त्यामुळे जबाबदारीची जाणीव सुटते, भावना साथीसारख्या एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात, आणि कुणीही काहीही सुचवले तरी ते विचार न करता स्वीकारले जाते. सुसंस्कृत माणूस जमावात शिरला की संस्कृतीच्या शिडीवरून कित्येक पायऱ्या खाली उतरतो, असे त्याचे म्हणणे होते. ल बाँने १८७१ चे पॅरिस कम्यून पाहिले होते. कामगारवर्ग रस्त्यावर उतरला की प्रतिष्ठितांच्या मनात जी धास्ती बसते, ती त्याच्या पानापानांत आहे. लोक कशासाठी जमले, कुणाविरुद्ध जमले, समोर बंदुका घेऊन कोण उभे होते, हे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत. वादातली एकच बाजू पाहायची आणि तिच्या रागाला रोग ठरवायचे, ही त्या पुस्तकातली सर्वांत मोठी खोट आहे. पुस्तक मात्र जगभर वाचले गेले. फ्रॉइडने १९२१ साली समूहमनावर लिहिताना त्याचाच आधार घेतला.

भारतात ही धास्ती वसाहतीच्या राज्यकर्त्यांनाही होती आणि ती कायद्यात उतरली. १८६० च्या दंडसंहितेत बेकायदा जमावाची व्याख्या पाच माणसांपासून सुरू होत असे. जमावबंदीचे ‘१४४ कलम’ तर मराठी बोलीचाच भाग होऊन बसले. २०२४ साली संहिता बदलल्या, कलमांचे आकडे बदलले; पाचाचा आकडा आणि जमावबंदीचा अधिकार दोन्ही कायम राहिले.

ल बाँला पहिला ठळक विरोध फ्लॉइड ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२४ साली केला. जमावाला स्वतंत्र मन असते ही कल्पनाच त्याने मोडीत काढली. गर्दीतला माणूस एकटेपणी जसा असतो तसाच असतो, फक्त अधिक भडकपणे, असे त्याचे म्हणणे. एका भ्रमातून सुटका झाली खरी, पण समाज आणि संस्कृती या दोन्ही गोष्टी हिशेबातून निघून गेल्या. माणसाचा मूळ स्वभावच गर्दीत उघडा पडत असेल, तर एकच माणूस सोमवारी मोर्चात घोषणा देतो आणि गुरुवारी कीर्तनात स्वस्थ मांडी घालून बसतो, याचा उलगडा होत नाही.

उलगड्याची वाट दुसऱ्याच दिशेने सापडली. हेन्री ताइफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना तो जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून वाचला. घरची माणसे मात्र नाझी संहारात गेली. माणसे ‘आपले’ आणि ‘परके’ कशी ठरवतात, हा प्रश्न त्याला आयुष्याने दिला होता. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्याने शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना चित्रे दाखवून, ‘तुला क्ले आवडतो’, ‘तुला कँडिन्स्की आवडतो’ असे सांगून त्यांचे दोन गट पाडले. गट नावापुरतेच होते. कुणाची कुणाशी गाठ नव्हती, स्पर्धा नव्हती, भांडण नव्हते. तरीही मुलांना इतरांमध्ये मोबदला वाटायला सांगितला तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. आपल्या गटाला मिळणारी रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा ती जास्त असली पाहिजे, असाही कल दिसला.

या कामातून पुढे जॉन टर्नर आणि इतरांनी जो विचार मांडला, तो मुंबईच्या लोकलमध्ये रोज पाहायला मिळतो. संध्याकाळच्या विरार गाडीत बोरिवलीला उतरणारा प्रवासी चढला की दारातले लोक त्याला आत येऊ देत नाहीत, उतरायचे म्हटले तर वाट देत नाहीत. हमरीतुमरी होते, कधी हातापायीही. ‘विरारवाले’ आणि ‘बोरिवलीवाले’ हे दोन समाज गाडी सुटेपर्यंत अस्तित्वातही नसतात. त्याच गाडीत तीन जणांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा दिली जाते, सुटत्या गाडीमागे धावणाऱ्याला दारातून हात दिला जातो आणि तो कोण, कुठला हे कुणी विचारत नाही. त्या क्षणी तो फक्त ‘गाडी चुकू नये अशी धडपड करणारा, आपल्यासारखाच’ असतो. माणसाजवळ ‘मी’ एकच नसतो. प्रसंगानुसार त्यातला एखादा ‘आपण’ वर येतो आणि त्या ‘आपण’चे जे नियम असतात, ते माणूस पाळू लागतो. गर्दीत माणसाचे भान जात नाही. एका भानाच्या जागी दुसरे भान येते.

मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशर याने हे दंगलीतही दाखवून दिले. २ एप्रिल १९८० रोजी ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत पोलिसांनी कृष्णवर्णीयांची ऊठबस असलेल्या एका कॅफेवर धाड घातली आणि दंगल पेटली. वर्णने आली ती ल बाँच्या शब्दांतली. रायशरने प्रत्यक्ष हजर असलेल्यांकडून घटनाक्रम जुळवला तेव्हा वेगळेच चित्र निघाले. हल्ले झाले ते पोलिसांवर, त्यांच्या गाड्यांवर, बँकेसारख्या ठरावीक इमारतींवर. वस्तीतल्या घरांना हात लागला नाही. पोलीस वस्तीबाहेर गेल्यावर जमावाने त्यांचा फार पाठलाग केला नाही, वस्तीच्या सीमेशी तो थांबला. सर्वसामान्यांची ये-जा चालू राहिली. काय करायचे आणि काय नाही, याची मर्यादा लोकांना कुणी सांगितली नव्हती. आपण कोण आणि आपला झगडा कुणाशी, या समजेतून ती आपोआप आखली गेली. हिंसेचे समर्थन यातून होत नाही, पण तिला आंधळी म्हणून निकालात काढता येत नाही, एवढे नक्की.

‘आपण’चे नियम येतात कुठून? इथे संस्कृतीचा भाग सुरू होतो आणि त्याचा अभ्यास करायला आषाढी वारीइतके समृद्ध क्षेत्र शोधून सापडणार नाही.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वरांची पालखी निघते. देहूची तुकारामांची पालखी एक दिवस आधी. दिवेघाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस अशी मजल-दरमजल करीत, जवळपास अडीचशे किलोमीटर चालून ज्ञानेश्वरांची पालखी दशमीला पंढरीत पोचते. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा घातली. ज्ञानेश्वरांच्या सोहळ्याला आजची शिस्त आली ती एकोणिसाव्या शतकात, हैबतबाबा आरफळकर यांच्यामुळे. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेले, म्हणजे फौजेची चाल त्यांना परिचयाची. सोहळ्याच्या रचनेत ती अजून दिसते. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. काही पालखीच्या रथापुढे, बाकीच्या रथामागे. रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांचा मान ठरलेला. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज आणि विणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. कोणत्या प्रहरी कोणते अभंग म्हणायचे हेही ठरलेले. लाखोंच्या गर्दीतल्या कुठल्याही वारकऱ्याला ‘तू कुठे चालतोस?’ असे विचारले तर तो रथाच्या संदर्भाने नेमकी जागा सांगू शकतो. शहरातल्या गर्दीत हे कुणालाच सांगता येत नाही.

या रचनेचा कळस संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर दिसतो. सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमून उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. चोपदार उंचावर उभा राहून हातातला चोप वर करतो आणि टाळ थांबतात. एवढ्या माणसांचा आवाज एका काठीच्या इशाऱ्याने थांबतो, ध्वनिक्षेपकाची गरज पडत नाही. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असली, दिवसभरात तिच्यावर अन्याय झाला असला, तर त्या दिंडीने टाळ थांबवायचा नाही. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात टाळ चालूच. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तोड काढतो आणि मगच त्या दिंडीचे टाळ थांबतात. पुढे हरवले-सापडले जाहीर होते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि समाजआरती होते. तक्रार मांडण्याची इतकी सोपी, इतकी जाहीर आणि कुणालाही न दुखावणारी रीत आधुनिक संस्थांनाही क्वचितच साधली आहे. गर्दीला आवर घालण्याचे सर्व मार्ग बाहेरून, दोरखंड आणि लाठी घेऊनच यावे लागतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अर्धा तास जरूर पाहावा.

सोबतीला एक साधा शब्द आहे : माऊली. पुढच्याला सरकायला सांगायचे तर ‘माऊली, जरा सरका’. पोलिसाला माऊली, पाणी देणाऱ्याला माऊली. वडीलधारा माणूस पोरवयाच्या वारकऱ्याच्या पाया पडतो, तो परत याच्या पाया पडतो. धक्का लागला तर चिडायचे कारण उरत नाही, कारण धक्का देणारा परका राहिलेला नसतो.

अशा गर्दीत शरीरालाही वेगळा अनुभव येतो, हे प्रयागच्या माघमेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. कल्पवासी म्हणून आलेले भाविक ऐन थंडीत महिनाभर गंगेकाठी तंबूत राहतात, पहाटे गार पाण्यात स्नान करतात, दिवसरात्र भोंग्यांचा गोंगाट सोसतात. आरोग्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाप्रमाणे त्यांची तब्येत बिघडायला हवी. संशोधकांनी मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर कल्पवाशांना, तसेच त्यांच्याच भागातल्या पण मेळ्याला न गेलेल्यांना, प्रकृतीबद्दल विचारले. जाऊन आलेल्यांना आपली प्रकृती न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारल्यासारखी वाटत होती. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. दुसरा एक प्रयोग आवाजाचा. कशाचा आहे हे नीट कळू नये असा एकच गोंगाट लोकांना ऐकवला. काहींना तो मेळ्यातला म्हणून सांगितला, काहींना शहरातल्या रस्त्यावरचा म्हणून. मेळ्यातला समजून ऐकणाऱ्यांना तो कमी त्रासदायक वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला. कानावर पडणारी ध्वनिलहर तीच होती. तिला अर्थ दिला तो मनाने, आणि मनाजवळ तो अर्थ आला संस्कृतीकडून. एमिल द्यूरकेमने १९१२ साली सामूहिक उधाणातून धर्मभावना जन्मते असे म्हटले होते. त्या उधाणाची मोजदाद करण्याचे काम शंभर वर्षांनी प्रयागच्या वाळूत झाले.

एवढ्यावर थांबले तर वारीचे गुणगान होईल, अभ्यास होणार नाही. संस्कृती माणसांना जोडते तेव्हाच ती त्यांच्यामधल्या भिंतीही सांभाळत असते. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. सोबतच्या माणसांवरचे प्रेम आणि त्या प्रेमाला पडलेली चीर, दोन्ही त्यांनी सारख्याच स्वच्छपणे नोंदले. एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांची जेवणे वेगळी होती आणि हे त्यांना टोचत राहिले. अस्पृश्य मानलेल्यांच्या दिंड्या तर मुळातच वेगळ्या. चोखोबांचे अभंग सगळ्यांच्या तोंडी, त्यांची समाधी मात्र महाद्वाराबाहेर नामदेव पायरीपाशी. पंढरपूरचे देऊळ दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून उपोषण करावे लागले, तेव्हा दहाव्या दिवशी दरवाजे उघडले. म्हणजे शतकानुशतके ‘माऊली’ म्हणून पायांना लागलेला हात देवळाच्या दारात मागे घेतला जात होता. गर्दीतला जिव्हाळा खरा होता आणि भेदही खराच होता. रस्त्यावर एक ‘आपण’ जागा होत असे, उंबरठ्यावर दुसरा. जिव्हाळा वाढत गेला की भेद आपोआप विरतो, या भाबड्या आशेला इतिहासाचा आधार नाही. उंबरठ्याचा नियम वेगळा झगडा करूनच बदलावा लागला.

ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले गेले त्यांनी आपली गर्दी वेगळ्या संस्काराने घडवली. दरवर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात. गावाकडून विनातिकीट गाडीत कोंबून आलेली माणसे, अशी या गर्दीची संभावना वर्षानुवर्षे शहरात ऐकू येत राहिली. प्रत्यक्षात ही माणसे तासन्‌तास रांगेत उभी राहतात आणि परतताना पिशवीतून पुस्तके नेतात. बाबासाहेबांना अभिवादन म्हणजे पुस्तक विकत घेणे, हा या ‘आपण’चा नियम. तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही.

मग माणसे चिरडून मरतात ती का? गर्दी भेदरली, लोक पळत सुटले, एकमेकांना तुडवले, हे उत्तर तयार असते आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली तर प्रत्येकाला आपले पाऊल आपण टाकता येते. सहा-सातच्या पुढे आकडा गेला की स्वतःची हालचाल हातात राहत नाही, दाबाच्या लाटा गर्दीतून फिरू लागतात आणि माणसे उभ्या जागीच गुदमरतात. पुढे काय झाले हे मागच्यांना कळत नाही, ते पुढे सरकतच राहतात. यात क्रौर्य नसते, माहितीचा अभाव असतो.

२५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या डोंगरावर पौष पौर्णिमेच्या यात्रेत सुमारे तीनशे माणसे गेली. काळूबाईच्या देवळाकडे जाणारी वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकानांनी आवळलेली. पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वाटेवर. पुढे संतापलेल्यांनी दुकाने पेटवली, त्यात सिलिंडरचे स्फोट झाले आणि आगीने उरलेला घात केला. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत परळ-एल्फिन्स्टनच्या रेल्वे पुलावर २३ जण गेले. सकाळची वेळ, अचानक आलेला पाऊस, जिन्यावर आडोशाला थांबलेले लोक आणि गाड्यांतून उतरणारे नवे लोंढे. गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली, प्रवासी कित्येक पटींनी वाढले, जिना मात्र गिरण्यांच्या काळातलाच राहिला. नवा पूल लष्कराकडून बांधून घेतला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत तो खुलाही झाला. पाच महिन्यांत होऊ शकणारे काम आधी का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर गर्दीच्या मानसशास्त्रात शोधू नये.

दोष गर्दीवर ढकलण्याची सवय इंग्लंडमध्येही होती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉलचे प्रेक्षक कठड्यांमागे चेंगरले. मृतांचा आकडा अखेर ९७ झाला. प्रेक्षक दारू पिऊन आले, त्यांनी दार फोडले, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. दार उघडण्याचा हुकूम पोलीस अधिकाऱ्याचाच होता. मृत्यूंना प्रेक्षक जबाबदार नव्हते, हे ज्यूरीने २०१६ साली नोंदवले. आपल्या मुलांच्या नावावरचा डाग पुसायला आईबापांना सत्तावीस वर्षे लागली.

खऱ्या संकटात माणसे कशी वागतात याचे पुरावे उलट दिशेचे आहेत. ७ जुलै २००५ च्या लंडनमधल्या बाँबस्फोटांनंतर मानसशास्त्रज्ञ जॉन ड्रुरी आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्यांच्या साक्षी तपासल्या. अंधाऱ्या भुयारात अडकलेल्या अनोळखी प्रवाशांनी एकमेकांना धीर दिला, जखमा बांधल्या. स्वार्थीपणाची उदाहरणे फार थोडी. एकाच धोक्यात सापडल्याच्या जाणिवेने परके लोक ‘आपण’ झाले होते. वर्षभराने, ११ जुलै २००६ ला, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांच्या झोळ्या करून जखमींना वाहून नेले. त्यांत विरारवाला कोण आणि बोरिवलीवाला कोण, हे कुणी पाहिले नाही.

जमावाकडे पाहणाऱ्याची नजर जमावाचे वागणे घडवते, ही यातली सर्वांत कमी ओळखली गेलेली बाजू. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात, विधानसभेच्या अधिवेशनाच्या वेळी, अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन आलेल्या गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला आणि ११४ माणसे चेंगरून मेली. बहुतेक बाया आणि मुले. बायकामुले घेऊन, शिदोरी बांधून आलेला तो जमाव होता. दिवसभर थांबूनही त्याचे गाऱ्हाणे ऐकायला कुणी पुढे आले नाही. ऐकणारा चोपदार वारीत असतो, मोर्चासमोर नव्हता.

नजर बदलली तर काय होते हे पोर्तुगालमध्ये २००४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत दिसले. इंग्लंडचे प्रेक्षक दंगेखोर म्हणून कुप्रसिद्ध. सामन्यांच्या शहरांतल्या पोलिसांनी क्लिफर्ड स्टॉट आणि अन्य मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाच्या आधारे बंदोबस्त आखला. ढाली-शिरस्त्राणांची पथके नजरेआड ठेवली. साध्या गणवेशातले पोलीस दोघा-दोघांनी प्रेक्षकांत मिसळले, हसून बोलले, वाट दाखवली. गडबड करणाऱ्या एखाद्याला वेगळे काढले, सगळ्यांवर लाठी उगारली नाही. या शहरांत इंग्लंडच्या सामन्यांच्या वेळी मोठी दंगल झाली नाही, आणि कुणी धिंगाणा सुरू केलाच तर इतर प्रेक्षकच त्याला आवरू लागले. दक्षिणेकडच्या अल्बुफेरा या पर्यटनगावी बंदोबस्त दुसऱ्या पोलीस दलाकडे होता आणि त्याने ही पद्धत घेतली नव्हती. स्पर्धा तीच, प्रेक्षकही त्याच देशाचे. दंगली झाल्या त्या तिथे.